माइकसमोरची धडधड

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आकाशवाणीचे जळगाव केंद्र १९७६ साली सुरू झाले. तेव्हापासून खानदेशातल्या किती मुलामुलींनी आवाजाच्या चाचणीसाठी पहाटेची एसटी धरली असेल, त्याची मोजदाद करणे कठीण आहे. कुणी साक्रीहून येतो, कुणी शिरपूरहून, कुणी चोपडा-यावलकडून. आवाज चांगला आहे असे शाळेत गुरुजींनी सांगितलेले असते. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये सूत्रसंचालन केलेले असते, गणपतीच्या मांडवात माइक हातात घेतलेला असतो. आणि स्टुडिओचा जाड दरवाजा मागे लागला, की तोच आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईनासा होतो. बाहेर आल्यावर बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य असते, "घरी इतकं छान जमत होतं हो!"

हे वाक्य सहसा खरे असते. घरी जमत होते आणि तिथे जमले नाही. मधल्या दोन-चार तासांत आवाजाचे काय होते, त्याविषयी आज बोलावे म्हणतो.

चाचणी तशी साधी असते. हातात एक कागद येतो. त्यावर बातम्यांचा एक तुकडा, त्यात अवघड परदेशी नावे, एखादा ललित उतारा, कधी कविता, कधी संवाद. परीक्षक काचेपलीकडे असतात किंवा दिसतही नाहीत. "हं, सुरू करा," एवढे स्पीकरमधून ऐकू येते. खोलीच्या भिंती आवाज शोषून घेणाऱ्या. आपण आपला आवाज जन्मभर दोन वाटांनी ऐकत आलेलो असतो. थोडा हवेतून, भिंतींवरून परतून येतो आणि थोडा आपल्याच कवटीच्या हाडांतून कानाला पोचतो. स्टुडिओत भिंतींवरून परतणारा आवाज जवळजवळ नाहीसा होतो. हेडफोन लावले, तर माइकने पकडलेला आवाज ऐकू येतो. त्यात हाडांतून मिळणारा भरदारपणा नसतो, म्हणून तो परक्याचा वाटतो. भीती वाटायच्या आधीच पायाखालची जमीन थोडी सरकलेली असते ती अशी. त्यात जळगावच्या उन्हातून येऊन एकदम वातानुकूलित खोलीत बसायचे, आणि आदल्या रात्री नातेवाइकांकडे मुक्काम केला असेल, तर आग्रहाची भरीत-पुरी पोटात! घशाची जळजळ वेगळीच.

आता शरीराकडे पाहू. आवाज निघतो तो स्वरयंत्रातल्या दोन पडद्यांच्या थरथरीतून. पुरुषांत हे पडदे सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशे वेळा, स्त्रियांत दोनशेच्या आसपास कंप पावतात. त्यांना ताणणारे स्नायू अगदी लहान. माणूस घाबरला, की शरीर पळायची नाही तर लढायची तयारी करते. ॲड्रेनलिन रक्तात उतरते, छाती धडधडू लागते, श्वास उथळ होतो, तोंडची लाळ आटते, मान आणि जबडा आवळला जातो. स्वरयंत्र वर ओढले जाते, पडदे ताणले जातात आणि आवाजाची पट्टी चढते. वाचण्याचा वेग वाढतो. श्वास पुरत नाही म्हणून वाक्याचे शेपूट गिळले जाते. आणि आपल्या मराठीत हे फार महागात पडते, कारण आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. विधेयक मंजूर झाले की फेटाळले, पाहुणे आले की गेले, हे सगळे त्या गिळलेल्या शेपटातच असते.

एक गंमत सांगतो. मेंदूकडून स्वरयंत्राकडे जाणारी डाव्या बाजूची नस सरळ घशात जात नाही. ती मानेतून खाली छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीखालून वळसा घेते आणि मग पुन्हा वर घशाकडे येते. त्याचे कारण गर्भातल्या वाढीत आहे, भावनेशी त्याचा संबंध नाही. पण कवीने हे वाचले, की त्याला राहवत नाही. आवाज हृदयाला विचारून येतो, असे आमची जमात लगेच म्हणून मोकळी होते. डॉक्टर मंडळींनी माफ करावे.

भीतीने आवाज बदलतो हे आपल्या पूर्वजांना चांगले ठाऊक होते. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. चाचणीच्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसून पाहावे. कुणी खांबासारखा ताठलेला, कुणाच्या कपाळावर घाम, कुणाच्या हातातला कागद थरथरतोय, कुणाचा चेहरा पांढराफटक, आणि आवाज तर जवळजवळ सगळ्यांचाच फुटलेला. प्रलय म्हणजे शुद्ध हरपणे. तेवढे मात्र माझ्या पाहण्यात आलेले नाही. पण भरत पुढे असे सांगतो, की नटाने हे भाव मन एकाग्र करून अंगावर आणायचे असतात. बाकावरच्या उमेदवाराकडे ते न बोलावता आलेले असतात आणि त्यांचे काय करायचे हे त्याला कुणी शिकवलेले नसते.

मोठ्यामोठ्या निवेदकांचेही असे होते. ६ मे १९३७ रोजी अमेरिकेत लेकहर्स्ट इथे 'हिंडेनबर्ग' हे अवाढव्य हवाई जहाज उतरता उतरता पेटले. शिकागोच्या एका रेडिओ केंद्राचा निवेदक हर्बर्ट मॉरिसन त्या वेळी तिथे ध्वनिमुद्रण करत होता. त्याचा तुटलेला श्वास, हुंदका आणि उंच चिरकलेला आवाज आजही ऐकायला मिळतो. पुढे जाणकारांनी त्या तबकड्या तपासल्या, तेव्हा मुद्रणयंत्राच्या वेगात फरक होता आणि त्यामुळे आवाज मुळापेक्षा उंच व घाईचा वाटतो, असे लक्षात आले. एरवी मॉरिसनचा आवाज बराच खालच्या पट्टीतला होता. पण इतकी वर्षे ऐकणाऱ्यांना त्यात काही खटकले नाही. भेदरलेला आवाज उंच असायचाच, हे आपला कान गृहीतच धरतो.

त्याच्या शेजारी ३१ जानेवारी १९४८ चा दिवस ठेवून पाहा. महात्मा गांधींची अंत्ययात्रा. मेलव्हिल डी मेलो यांनी सुमारे सात तास आकाशवाणीवरून इंग्रजीत तिचे धावते वर्णन केले. दुःख त्या दिवशी कुणाला नव्हते? पण समोर जे दिसते ते न पाहिलेल्यांना सांगायचे, या कामात त्यांचा आवाज गुंतलेला होता. मॉरिसनला कमी लेखण्याचे कारण नाही. त्याच्यापुढे माणसे जळत होती. तरीही चाचणीला जाणाऱ्याने डी मेलोंकडे पाहावे. भावना अंगात असताना तिच्याकडून काम करून घेता येते, हे त्यांच्याकडून कळते.

आमच्या मुशायऱ्यांत याची एक पळवाट आहे. गझल दोन प्रकारे पेश करतात. नुसती वाचून दाखवली तर तहत, गाऊन दाखवली तर तरन्नुम. नवखा शायर घाबरला, की बरेचदा तरन्नुमचा आसरा घेतो. सुरात शिरले, की आवाजातला कंप गळ्यातली हरकत म्हणून खपून जातो, दादही मिळते. बातम्या वाचणाऱ्याला ही सोय नाही. त्याची जन्मभराची तहत!

मग उपाय काय? "घाबरू नको, शांत हो," हा सल्ला सगळे देतात. तो बिनकामाचा आहे. धडधडणारी छाती सांगून थांबत नाही आणि थांबत नाही म्हणून माणूस आणखी घाबरतो. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी यावर काही प्रयोग केले, ते २०१४ साली प्रसिद्ध झाले. लोकांना अनोळखी माणसांपुढे गायला, भाषण करायला, गणिते सोडवायला लावले. गाण्याच्या वेळी काहींना आधी "मला भीती वाटते आहे" असे म्हणायला सांगितले, काहींना "मी उत्सुक आहे" असे. उत्सुक म्हणणाऱ्यांचे गाणे अधिक सुरात झाले. भाषणाच्या वेळीही स्वतःला शांत करू पाहणाऱ्यांपेक्षा उत्सुक म्हणवणारे सरस ठरले. छाती दोघांचीही धडधडतच होती. आपल्याकडे लग्नाच्या आदल्या रात्री नवरदेवाची छाती धडधडते, तिला कुणी आजार म्हणत नाही, तसेच हे. याच्या जोडीला श्वासाचे एक साधे काम करता येते. आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ द्यायचा, पाच-सहा वेळा. लांब उच्छ्वासाने हृदयाचा वेग थोडा उतरतो आणि वाक्याच्या शेपटासाठी हवा उरते.

भीतीचे एवढ्यावर भागते. पण माझे खरे म्हणणे पुढे आहे. खानदेशातल्या उमेदवाराच्या आवाजाला भीतीपेक्षा लाज जास्त मारते, असे माझे मत झाले आहे.

आपल्याकडे अहिराणीत, लेवा बोलीत 'ळ'चा 'य' होतो. केळी ती केयी, डोळा तो डोया, धुळे ते धुये, जळगाव ते जयगाव. घरात, शेतात, बाजारात हेच चालते आणि गोड लागते. चाचणीला निघालेल्या मुलाला मात्र दहा जणांनी बजावलेले असते, "ळ सांभाळ बरं!" मग तो कागद हातात घेतो आणि मजकुराऐवजी त्याला 'ळ'च दिसू लागतात. शेतात पेरलेल्या सुरुंगासारखे. प्रत्येक 'ळ'च्या आधी एक अर्धा क्षण तो थबकतो, मग जीभ नको इतकी मागे वळवून तो ठासून म्हणतो आणि सुटल्याचा श्वास टाकतो. उच्चार शंभर टक्के बरोबर. पण ऐकणाऱ्याच्या हाती अर्थ लागत नाही, कारण वाचणाऱ्याचेच लक्ष अर्थावर नसते. भीतीने निदान आवाजात वीज तरी येते. लाजेने आवाज आत ओढला जातो, सपाट होतो, माफी मागितल्यासारखा येतो.

बातम्यांना प्रमाण उच्चार हवेत, यावर मी भांडणार नाही. नंदुरबारच्या श्रोत्याला आणि सावंतवाडीच्या श्रोत्याला बातमी सारखीच कळली पाहिजे. पण हे लाजेने होत नाही, सवयीने होते. आणि दुसरे असे, की बहिणाबाई चौधरी याच आसोदा-जळगावच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या पश्चात १९५२ साली गाणी पुस्तकरूपाने आली आणि अवघ्या महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली त्यांचे नाव दिले गेले. त्यांच्या गाण्यातला 'य' आपल्याला पूज्य, आणि त्यांच्याच गावच्या पोरीच्या तोंडातला 'य' ऐकून आपण कपाळाला आठ्या घालतो, हे मला पटत नाही.

याविषयी मी जरा जास्तच बोलतो, त्याला कारण आहे. मी मुसलमान, कविता मराठीत लिहितो. कविसंमेलनात उभा राहिलो, की पहिल्या दोन ओळी लोक कविता ऐकत नाहीत, माझे उच्चार ऐकतात. नंतर कुणीतरी प्रेमाने विचारतो, "तुमचं मराठी इतकं शुद्ध कसं हो?" कौतुकच असते ते, पण त्या कौतुकाने पुढच्या वेळी जीभ जड होते. आपल्या बोलण्याची झडती घेतली जाते आहे, असे वाटत असताना बोलणे काय असते, ते मला पुस्तकात शोधावे लागले नाही.

काही वर्षांपूर्वी एका कंपनीला शेतकऱ्यांना फोनवरून ऐकवायचे संदेश मुद्रित करायचे होते. खतपाणी, फवारणी, हवामान असे विषय. आवाज निवडायला बसलेल्या तिघांत भाषेचा माणूस म्हणून मी होतो. साक्रीकडची एक मुलगी आली. तिने कागद वाचला, एकही 'ळ' चुकला नाही, आणि संपूर्ण संदेश नोटिशीसारखा वाटला. मी मध्येच विचारले, "आज येताना त्रास झाला का?" ती म्हणाली, "गाडी चुकनी मनी!" आणि मग ओघातच तिने चुकलेली गाडी, जीपवाल्याशी झालेली घासाघीस, मांडीवर कुणाचे तरी कोंबडे घेऊन केलेला प्रवास, सगळे सांगितले. माइक सुरूच होता. आवाज एकदम खाली उतरला, भरला, त्यात ऊन आले, हसू आले. काचेपलीकडचा मुद्रण करणारा मुलगा मान वर करून ऐकू लागला. मी म्हटले, "आता याच आवाजात, तुझ्या वडिलांना सांगते आहेस असं समजून फवारणीचं वाच." तिने वाचले. दोन 'ळ' घसरले आणि मला तरी फवारणी प्रथमच नीट कळली. पण कंपनीच्या माणसाच्या तक्त्यात उच्चाराचा रकाना होता, आणि वडिलांना सांगितल्यासारखे वाचण्याचा नव्हता. निवड दुसऱ्याच आवाजाची झाली. त्या आवाजात चूक काढायला जागा नव्हती. ते संदेश शेतकऱ्यांनी शेवटपर्यंत किती ऐकले, ते कंपनीने आम्हाला कळवले नाही.

याच्या उलट एक हकीकत सांगतात. स्मिता पाटील या आपल्या शिरपूरच्या घराण्यातल्या. सिनेमात येण्याआधी त्या मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचत. मुंबई दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी, म्हणजे तेव्हा त्यांना सतरा वर्षेही पुरी झाली नव्हती. चाचणीत आवडेल ते म्हणून दाखवा असे सांगितल्यावर त्यांनी म्हणे बांगलादेशाचे राष्ट्रगीत म्हटले, आणि त्या लहानखुऱ्या मुलीतून निघालेला खोल आवाज ऐकून निवड झाली. हकीकतीत तिखटमीठ किती आहे ते सोडा. मला त्यात आवडते ते असे, की मराठी बातम्यांच्या चाचणीत तिने परभाषेतला मजकूर निवडला. तिथे मराठी उच्चारांचे गुण कापायला कुणाला वावच नव्हता!

परीक्षकांबद्दलही दोन शब्द बोलले पाहिजेत. बा. वि. केसकर १९५२ साली केंद्रात नभोवाणी मंत्री झाले. त्यांच्या काळात गायक-वादकांच्या चाचण्यांची पद्धत कडक झाली. कलावंत दिसू नये, नुसता ऐकू यावा, अशी व्यवस्था आली. श्री. ना. रातंजनकरांसारखे विद्वान परीक्षक होते. कलावंत खवळले, बहिष्कार घातले गेले. हेतू वशिला मोडण्याचा होता, तो योग्यच म्हणायचा. पण न दिसणाऱ्या परीक्षकापुढे गाणाऱ्याला आणि बोलणाऱ्याला मान हलवणारा, डोळे मोठे करणारा समोरचा माणूस मिळत नाही. आवाज नेहमी कुणाकडे तरी जात असतो. ते कुणीतरी काढून घेतले, की तो स्वतःकडेच वळतो आणि स्वतःलाच तपासत बसतो. म्हणून पलीकडे बसणाऱ्याने "सुरू करा" याच्या आधी निदान नाव-गाव विचारावे, कुठली गाडी मिळाली ते विचारावे. अर्धे मिनिट लागते. गुण द्यायचे तेवढेच द्यावेत.

आणि परीक्षकाने विचारले नाही, तर उमेदवाराने आपला श्रोता आपण घेऊन जावा. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली, दर रविवारी एक. साने गुरुजींनी ती उतरवून घेतली म्हणून आज वाचायला मिळतात. वाचताना आजही कळते, की हे हवेत बोललेले नाही, समोर बसलेल्या बंदिवानांशी बोललेले आहे. चाचणीच्या कागदावर बातमी कापसाच्या भावाची असेल, तर ज्याच्या घरात कापूस पडून आहे असा एक ओळखीचा माणूस डोळ्यांपुढे आणावा. लाखो श्रोते आणू नयेत, लाखांशी कुणालाच बोलता येत नाही. ओळखीचा चेहरा आठवला, की आपण नकळत थोडे हसतो, आणि ते हसू ऐकू जाते. व्हिव्हियन टार्टर या संशोधिकेने १९८० साली हे दाखवून दिले. ओठ फाकले, की तोंडाची पोकळी आखूड होते, आवाजाचा रंग उजळतो आणि न पाहताही ऐकणाऱ्याला ते हसू ओळखता येते.

अलीकडे पुष्कळ चाचण्या घरीच होतात. जाहिरातींना, ध्वनिपुस्तकांना आवाज देण्यासाठी मोबाइलवर नमुना मुद्रित करून पाठवायचा असतो. पंखा बंद करून, गोधडीखाली किंवा कपड्यांच्या कपाटात तोंड घालून पोरे मुद्रण करतात. काच नाही, लाल दिवा नाही, परीक्षक नाही. म्हणून भीती कमी होते म्हणावे, तर उलटच. पुन्हा करता येते म्हणून पुन्हा पुन्हा केले जाते. चाळीस-चाळीस वेळा तेच वाक्य! पहिल्या दोन वेळेला धांदल असते, तिसऱ्या-चौथ्याला आवाज जागेवर येतो, दहाव्यानंतर कंटाळा ऐकू येऊ लागतो आणि विसाव्यानंतर स्वतःचा राग. पाठवला जातो तो नेमका चाळिसावा, कारण त्यात चूक नसते. आता संगणकाने तयार केलेला आवाजही एकेक 'ळ' चोख म्हणतो, फुकटात आणि न दमता. बिनचूकपणात त्याच्याशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही.

माझ्याकडे विचारायला येणाऱ्या मुलांना मी हेच सांगतो. मजकूर आधी दोनदा मनात वाचा, एकदा शेजारच्या माणसाला आपल्या बोलीत सांगा, मग पाणी पिऊन मुद्रण करा. पाचाच्या वर करू नका. स्वतः निवडू नका, घरातल्या कुणाला तरी ऐकवा, आणि उच्चार कसे झाले असे न विचारता काय कळले ते विचारा. ज्यात त्याला सगळ्यात जास्त कळले, तो पाठवून द्या आणि फोन उपडा ठेवा.